सुई आणि सुरी यांच्यामधलं बरंच काही

“गाठ आहे, पिशवी काढून टाकलेली बरी,” असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बहुतेक जणी फाईल काखेत मारून गप्प घरी येतात. दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत. मग नणंद, जाऊ, शेजारीण यांच्यापैकी कोणाच्या तरी कानावर घालतात, आणि तमिळनाडूत असाल तर उत्तर ठरलेलं असतं: ऑपरेशन कशाला, आधी अॅक्युपंक्चर करून बघ. तंजावर, कुंभकोणम, त्रिची, कुठेही जा, अॅक्युपंक्चरचा बोर्ड फार शोधावा लागत नाही. तंजावरच्या मराठी मंडळींची साडेतीनशे वर्षं घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ अशी गेली. हा सल्ला मात्र त्यांना घरात आणि दाराबाहेर सारखाच मिळतो.

हा लेख अशा बाईसाठी आहे जिच्या हातात सोनोग्राफीचा कागद आहे, मनात ऑपरेशनची धास्ती आहे आणि पर्समध्ये त्या अॅक्युपंक्चरवाल्याचं कार्ड आहे. ते कार्ड फेकून द्या, असं मी सांगणार नाही. पण सुईला कोणतं काम द्यायचं, किती दिवस द्यायचं आणि कोणतं काम तिच्यावर मुळीच सोपवायचं नाही, हे घरून ठरवून निघावं. तिथे जाऊन ठरवू म्हणाल तर ते तुमच्यासाठी दुसरंच कोणी ठरवेल.

आधी तो कागद वाचा

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीतल्या स्नायूची गाठ. एका पेशीपासून सुरू होते, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर पोसते आणि पाळी कायमची गेली की बहुधा आक्रसते. कापून पाहिली तर आत घट्ट गुंडाळलेला दोऱ्याचा गुंडा असावा तशी दिसते; स्नायू आणि कोलॅजनचे तंतू एकमेकांत वळलेले. ती कॅन्सर नव्हे. फायब्रॉइड समजून काढलेली गाठ कॅन्सरची निघते, पण फारच क्वचित. आणि फायब्रॉइड दुर्मीळ तर अजिबात नाही: २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत पन्नाशीपर्यंत गोऱ्या बायकांपैकी जवळजवळ ७० टक्के आणि कृष्णवर्णीय बायकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींना फायब्रॉइड झालेले होते. त्यातल्या कितीतरी जणींना आपल्याला गाठ आहे याचा पत्ताही नव्हता.

म्हणून “गाठ किती मोठी?” याआधी “गाठ कुठे?” हे विचारा. कागदावर तीनपैकी एक शब्द सापडेल. सबम्यूकोसल, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत डोकावणारी. इंट्राम्युरल, म्हणजे भिंतीच्या जाडीत बसलेली. सबसेरोसल, म्हणजे बाहेरच्या अंगाला वाढलेली. आतली दोन सेंटीमीटरची गाठ अंगावरून इतकं घालवते की बाई चार पायऱ्या चढताना धापा टाकते. बाहेरच्या अंगाची सात सेंटीमीटरची गाठ वर्षानुवर्षं मुकाट बसून राहते. दुसरीला कदाचित कसलाच उपचार नको, ना सुईचा ना सुरीचा. वर्षातून एकदा पाहिलं की पुरे. “पुढे कॅन्सर होईल” एवढ्याच भीतीपोटी त्रास न देणारी गाठ काढायला कोणी सांगत असेल तर कारण लेखी मागा.

त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी शोधा. ‘बल्की युटेरस’ असं लिहिलं असेल तर दुखणं फायब्रॉइडचंच आहे की अॅडेनोमायोसिसचं, हे विचारा. तिथे आतलं अस्तर स्नायूत शिरलेलं असतं आणि उपचाराचा हिशेब वेगळा. अस्तराची जाडी जास्त दाखवली असेल आणि वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, तर अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय कोणताही पर्यायी उपचार सुरू करू नका. आणि मूत्रपिंडाला सूज असल्याचा उल्लेख, म्हणजे ‘हायड्रोनेफ्रोसिस’ हा शब्द, दिसला तर गाठ मूत्रवाहिनीवर दाबते आहे का हे लगेच बघावं लागतं. तिथे वाट पाहण्यात मूत्रपिंड जाऊ शकतं.

सुई गाठ विरघळवते का?

सरळ सांगायचं तर तसा भरवशाचा पुरावा नाही. जगभरचे उपचारांचे अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१० साली नेमका हाच प्रश्न घेतला: गर्भाशयाच्या फायब्रॉइडवर अॅक्युपंक्चर. त्यांच्या निकषांत बसणारी एकही चाचणी त्यांना सापडली नाही. म्हणजे उपयोग होत नाही असं सिद्ध झालं असंही नव्हे. पण जो “तीन महिन्यांत गाठ गायब” म्हणतो तो कशाच्या आधारावर म्हणतो, हे त्याला विचारायचा हक्क तुम्हाला नक्की आहे.

ताडून पाहायला एक आकडा हाताशी ठेवा. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ बंद पाडतात. गाठीची रसदच तुटते. तरी तीन महिन्यांत तिचं आकारमान साधारण ३५ ते ६० टक्केच घटतं, आणि इंजेक्शन थांबवली की काही महिन्यांत ती पुन्हा वाढते. रसद पूर्ण तोडूनही जी गाठ नाहीशी होत नाही, ती घोट्याजवळच्या सुईने नाहीशी होईल या दाव्याला तेवढाच भक्कम आधार हवा.

“पण माझ्या आत्येबहिणीची गाठ खरंच कमी झाली!” झाली असेल. फायब्रॉइड आपणहूनही लहान होतात. अमेरिकेत ७२ बायकांच्या २६२ गाठींवर एमआरआयने लक्ष ठेवलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत काही गाठी दुपटीहून जास्त झाल्या, तर काही ८९ टक्क्यांपर्यंत आकसल्या. एकाच बाईच्या पोटातल्या दोन गाठीही वेगवेगळ्या वागत होत्या. सुमारे ७ टक्के गाठी आपसूक २० टक्क्यांहून अधिक घटल्या. त्या काळात त्यांतल्या कोणी अॅक्युपंक्चर घेत असती, तर श्रेय कोणाला गेलं असतं हे सांगायला नको. ज्यांची गाठ वाढली त्या शेजारणीला सांगायला येत नाहीत, हाही त्यातलाच भाग.

मापाचीही गंमत आहे. सोनोग्राफीत गाठीची लांबी, रुंदी, उंची गुणून त्याला ०.५२ ने गुणतात, म्हणजे आकारमान येतं. पाच सेंटीमीटरची गोल गाठ धरा: ६५ घन सेंटीमीटर. दुसऱ्या सेंटरवर, दुसऱ्या हाताने, तीच गाठ साडेचार मोजली गेली तर आकडा येतो ४७. गाठ तसूभर हललेली नाही आणि कागदावर ती पाव हिश्श्याहून जास्त कमी झाली! म्हणून आधीची आणि नंतरची सोनोग्राफी एकाच सेंटरवर, शक्यतो एकाच डॉक्टरांकडे आणि पाळीच्या त्याच सुमाराच्या दिवसांत करून घ्या.

मग सुईला काम कोणतं द्यायचं? दुखण्याचं द्यावं. कंबर, ओटीपोट, पाळीच्या आधीची बेचैनी, न लागणारी झोप. पाळीच्या दुखण्यावर अॅक्युपंक्चरचे अभ्यास बरेच झालेत. ते फारसे चांगल्या दर्जाचे नाहीत, म्हणून कॉक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यालाही ठाम ‘हो’ म्हणता आलं नाही. शिवाय ते बहुतेक फायब्रॉइड नसलेल्या मुलींवरचे. तरी दुखणं हे तुमचं तुम्हाला कळतं. कमी झालं तर झालं, नाही झालं तर थांबा. रक्तस्राव थांबवायचं आणि गाठ घालवायचं काम मात्र तिला देऊ नका.

अॅक्युपंक्चरचं नाव निघालं की मराठी माणसाला हमखास डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, आणि लुधियान्यात त्यांच्या नावाचं अॅक्युपंक्चरचं रुग्णालयही आहे. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते सर्जन म्हणून, आणि १९४२ मध्ये वारले तोवर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रियाच करत होते. सुईची विद्या भारतात आणली ती त्यांच्या पथकातले सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी, पुढे पन्नाशीच्या दशकात चीनला जाऊन शिकून, आणि कोलकात्यात रुजवली. कोटणीसांचं नाव घेऊन ऑपरेशनची भीती कोणी घालत असेल तर एवढं त्याला सांगायला हरकत नाही.

खरी घाई रक्ताची

फायब्रॉइडमध्ये बाईला झिजवतो तो रक्तस्राव, आणि तोच सगळ्यात जास्त अंगावर काढला जातो. “मला पहिल्यापासून जास्तच जातं” हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की ते एक लक्षण म्हणूनच नोंदवावं असं वाटतं. सात दिवसांहून जास्त पाळी, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या रक्ताच्या गुठळ्या, रात्री उठून पॅड बदलावं लागणं: यातलं काहीही असेल तर हिमोग्लोबिन तपासा. बाराच्या खाली म्हणजे पंडुरोग, अकराच्या खाली मध्यम, आठच्या खाली गंभीर. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असे दोन तास गेले, किंवा चक्कर, छातीत धडधड, धाप सुरू झाली, तर त्या दिवशी अॅक्युपंक्चरची वेळ घेतलेली असली तरी रिक्षा सरळ सरकारी रुग्णालयाकडे वळवा.

हिमोग्लोबिन आठच्या खाली असताना अॅक्युपंक्चर सुरूच करू नका. एक तर रिकाम्या पोटी, अशक्त बाईला टेबलावर भोवळ येते. दुसरं म्हणजे दर आठवड्याला “आणखी चार सिटिंग बघू” करत दोन-तीन पाळ्या निघून जातात आणि आधीच रिकामं झालेलं शरीर आणखी रिकामं होतं.

लोहाच्या गोळ्यांबद्दल तंजावरकरांसाठी खास सूचना. सकाळी उठल्या उठल्या पितळी डबऱ्यात कुंभकोणम डिग्री कॉफी वरखाली करून प्यायची आणि तिच्याच घोटाबरोबर गोळी गिळायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कॉफी आणि चहा दोन्ही लोह शरीरात शिरू देत नाहीत. दही, दूध, कॅल्शियमची गोळी यांचंही तसंच. गोळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि कॉफी निदान तासाभराने. पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घेऊ का, हे डॉक्टरांना विचारा. बऱ्याच जणींना ते मानवतं. गोळ्या अजिबातच सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येतं. आणि हिमोग्लोबिन बाराला पोचलं की लगेच बंद करू नका, साठा भरायला पुढे काही महिने जातात.

कोणाकडे जायचं

केंद्र सरकारने २००३ साली अॅक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून आणि २०१९ साली स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने त्यासाठी वेगळा कायदा केला आणि नोंदणीसाठी परिषद नेमली; पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी त्या परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. तंजावरात बोर्डावरची पदवी वाचा. निसर्गोपचार आणि योगाची बीएनवायएस ही साडेपाच वर्षांची पदवी आहे आणि त्यात अॅक्युपंक्चर शिकवतात. एमबीबीएस होऊन वर हे शिकलेलेही असतात. बोर्डावर नुसतंच ‘अॅक्यु हीलर’ असेल तर सावध व्हा. तमिळनाडूत सुई न टोचता एका बिंदूला नुसतं बोट लावून उपचार करणारेही पुष्कळ आहेत. बोट लावण्याने इजा काही व्हायची नाही. इजा होते ती त्याच्यासोबत येणाऱ्या उपदेशाने: सगळ्या गोळ्या बंद करा, तपासण्या करू नका, शरीर स्वतःच बरं होतं. २०१८ साली कोइमतूरमध्ये घरच्या घरी बाळंतपण करायचं शिक्षण देऊ करणाऱ्या एका ‘हीलर’ला पोलिसांनी पकडलं, ते याच वळणाचं प्रकरण.

चांगला अॅक्युपंक्चरवाला पहिल्या भेटीत वेळ घेतो. दोन्ही मनगटांची नाडी बघेल, जीभ बघेल, पाळीचा इतिहास विचारेल, आणि तुमची फाईल वाचायला मागेल. फाईल मागत नसेल तर तिथेच समजा. मग उताणं झोपवून सुया लावतात: पायाच्या आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर एक, गुडघ्याखाली एक, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात एक, बेंबीखाली एकदोन. सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक. टोचताना मुंगी चावल्यासारखं, मग जड, ठणकल्यासारखं वाटतं. वीस-तीस मिनिटं तसंच पडून राहायचं. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, लावलेल्या किती आणि काढलेल्या किती हे मोजा, आणि त्या डब्यात टाकल्या जातात की ताटलीत परत ठेवल्या जातात हे डोळ्यांनी बघा. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ ‘बी’ जडू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पेसमेकर असेल, दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना विजेचा प्रवाह जोडू देऊ नका.

चाळीस सिटिंगचे पैसे आगाऊ मागितले तर उठा. सोनोग्राफीने गाठ वाढते असं म्हणाले तर उठा. सोनोग्राफी ध्वनिलहरींची असते, त्यात किरणोत्सर्ग नसतोच. नाव-घटक न लिहिलेल्या काळ्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या तर घेऊ नका. आणि थायरॉइड, रक्तदाब, साखर, लोह यांतली एकही गोळी त्यांच्या सांगण्यावरून बंद करू नका.

वही

सरफोजी राजे दुसरे यांनी (त्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२) तंजावरात धन्वंतरी महाल काढला होता. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक जाणणारी माणसं तिथे एकत्र काम करत. गुण आलेले योग लिहून ठेवत, त्यातून शरभेंद्र वैद्य मुरैगळ हे तमिळ ग्रंथ तयार झाले. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी तर चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. राजाला कुठल्याही पद्धतीचं वावडं नव्हतं. पण लिहून ठेवल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे. तंजावरच्या बाईने अॅक्युपंक्चर करायचं तर याच रीतीने करावं.

दोनशे पानी वही पुरे. पहिल्या पानावर उपचारापूर्वीचे आकडे: गाठीची तिन्ही मापं, जागा, हिमोग्लोबिन, वजन. मग रोज एक ओळ. पाळीचा दिवस असेल तर किती पॅड, किती भिजलेली, गुठळ्या होत्या का. दुखणं शून्य ते दहा यांत किती. वेदनाशामक गोळी घेतली का. रात्री लघवीला किती वेळा उठलात. कामाला दांडी पडली का. सिटिंगच्या दिवशी कोपऱ्यात ‘सु’ लिहा. शेवटच्या पानावर खर्च: फी, रिक्षा, बुडालेला दिवस. आणि मधल्या पानावर, ठळक, तारीख: आजपासून तीन महिने. ती तारीख घरच्या एका माणसाला सांगून ठेवा, म्हणजे ती सरकत नाही.

ऑपरेशनशिवायचे बाकीचे रस्ते

या लेखाचं शीर्षक ज्यामुळे सुचलं ते हे. सुई किंवा सुरी असे दोनच पर्याय बाईपुढे ठेवले जातात, आणि मध्ये काय काय आहे ते कोणी सांगतच नाही. कोणी डॉक्टर घाईत असतात, कोणाकडे सोय नसते.

ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या पाळीच्या फक्त जास्त जाणाऱ्या चार-पाच दिवसांत घ्यायच्या असतात. रक्तस्राव बराच आटोक्यात येतो. पायाच्या शिरेत कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर मात्र नको. गर्भाशयात बसवायची, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तू मिळते. पाच वर्षं आणि त्याहून अधिक काम करते, पाळी अगदी थोडी होते किंवा बंदच. गाठीने पोकळी वाकडी केली असेल तर ती निसटून पडू शकते. गर्भनिरोधक गोळ्या आहेत. वर सांगितलेली इंजेक्शनं आहेत, ती बहुधा ऑपरेशनआधी रक्त भरून काढायला वापरतात. रजोनिवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली असेल तर एवढ्यावरच किनारा गाठता येतो, आणि माझ्या मते पंचेचाळीस-सत्तेचाळीसच्या बाईने हे आधी विचारायला हवं.

पोट न फाडता गाठीचं रक्त तोडण्याची रीतही आहे. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून गर्भाशयाच्या धमनीत कण सोडतात. गाठ उपाशी पडते आणि आकसते. फ्रान्सच्या डॉक्टरांनी १९९५ साली ही पद्धत पुढे आणली. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात अशा बायकांचा दहा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणींचं गर्भाशय शाबूत होतं. मूल हवं असेल तर मात्र आधी नीट बोलून घ्यावं लागतं. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात, तेव्हा मोठ्या रुग्णालयात, चेन्नईसारख्या शहरात विचारा. अल्ट्रासाउंडच्या एकवटलेल्या लहरींनी गाठ आतल्या आत जाळायचं यंत्रही काही ठिकाणी आहे. प्रत्येक गाठीला चालत नाही.

सबम्यूकोसल गाठ असेल तर दुर्बीण योनिमार्गातून घालून ती तासून काढतात. पोटावर टाका नाही, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. अशी गाठ असताना महिनोन्महिने सुया टोचत बसणं मला तरी पटत नाही. नुसत्या गाठी काढून गर्भाशय ठेवण्याचं ऑपरेशनही आहे. पुढे नव्या गाठी येऊ शकतात, हे गृहीत धरून.

ऑपरेशनची भीती बाळगणाऱ्या बाईला वेडी ठरवू नये. भीतीला कारण आहे. बीडच्या ऊसतोड महिलांचं प्रकरण २०१९ साली गाजलं, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीला पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांमध्ये १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) आंध्र प्रदेशात १५ ते ४९ वयाच्या ८ टक्क्यांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली होती. देशाचा आकडा ३ टक्क्यांच्या थोडा वर. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं.

तेव्हा दुसरं मत घ्याच, पण ते पर्यायी उपचारवाल्याकडून नको, दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून. तंजावरात तंजावर मेडिकल कॉलेजशी जोडलेलं राजा मिरासदार सरकारी रुग्णालय आहे. बायकांच्या दुखण्यासाठी गावाची पिढ्यान्पिढ्यांची वाट तिकडेच. ओपीडीत रांग असते, सकाळी लवकर जा, वही आणि सगळे जुने अहवाल क्रमाने लावून न्या. पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते आधी सांगू नका. कागद पाहून त्यांना काय वाटतं ते ऐका. मग विचारा: माझ्या गाठीची जागा पाहता गोळ्या किंवा संप्रेरकाची तांबी चालेल का? दुर्बिणीतून होईल का? काढायचीच असेल तर अंडाशय ठेवणार ना? चाळिशीत निरोगी अंडाशय काढले तर हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. “आलोच आहोत तर तेही काढू” हे उत्तर मान्य करू नका. राज्याच्या मुख्यमंत्री आरोग्य विमा योजनेत कोणता उपचार बसतो, हे तिथल्याच मदत खिडकीवर विचारून घ्या, म्हणजे खर्चाचा आकडा वहीत भरता येईल.

तीन महिन्यांनी

ठरलेल्या तारखेला वही उघडा. दुखणं सातावरून तीनावर आलंय, झोप लागतेय, हिमोग्लोबिन गोळ्यांनी वाढलंय, गाठ आहे तेवढीच आहे आणि पाळी सोसवते: मग अॅक्युपंक्चर चालू ठेवा, खिशाला परवडतं तोवर. गाठ तशीच राहिली याचं वाईट वाटून घेऊ नका, तिला घालवायचं काम सुईला दिलेलंच नव्हतं. दुखणं होतं तिथेच असेल तर सुया बंद. हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही उतरत असेल, गाठ सहा महिन्यांत उघड वाढली असेल, किंवा पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर पुढची वेळ स्त्रीरोगतज्ज्ञाची घ्या आणि सोबत घरचं कोणीतरी न्या.

ऑपरेशनच ठरलं तर अॅक्युपंक्चरवाल्याला निरोप देण्याआधी एक काम सांगा, कारण त्यासाठी सुईच्या बाजूने चांगला पुरावा आहे. भूल उतरताना होणारी मळमळ आणि उलटी मनगटाच्या आतल्या बाजूच्या एका बिंदूने कमी होते. मनगटाच्या वळीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटं मोजा. दोन शिरांसारख्या दिसणाऱ्या दोऱ्यांच्या मध्ये, जरा दाबलं की बारीक ठणकतं, ती जागा. सुईच लागते असं नाही, नुसत्या दाबानेही चालतं, आणि त्या जागी दाब देणारे मनगटी पट्टेही मिळतात. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासायला येतात तेव्हा त्यांना विचारा. सलाईन कोणत्या हाताला लावणार हे कळलं की पट्टा दुसऱ्या हाताला बांधता येतो.